'टेपर'ला मराठीत काय म्हणाल?

गोदाकाठ: ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटवरचा लेख मराठीत करतोय. तिथे कमाई वाढली म्हणून सरकारी मदत एकदम थांबत नाही. कर जाऊन हातात पडणाऱ्या दर पौंडामागे 55 पेन्स कापतात (काहींना आधी थोडी मुभा असते). 2021 पर्यंत 63 कापत. याला म्हणतात 'टेपर रेट'. मी 'उतरता दर' लिहिलं. संपादकबाई म्हणाल्या, दर कुठे उतरतोय? उतरते ती मदत! खरंच आहे. मग काय लिहू?

शुद्धमती: 'ओहोटदर'. कमाईला भरती, मदतीला ओहोटी.

लेथवाला: 22 वर्षं लेथवर काढली. 'टेपर मार' म्हटलं की नवखं पोरगंही समजतं. टेपरच ठेवा.

शुद्धमती: या न्यायाने 'वेतनवाढ' कधी जन्मलीच नसती.

लेथवाला: आमच्याकडे अजूनही इन्क्रिमेंटच होतं, ताई. तेही झालं तर.

माजघर: 'उतरंड' कशी वाटते?

सोलापुरी: जातीची उतरंड ऐकून ऐकून त्या शब्दाचं वाटोळं झालंय. त्यापेक्षा मदत एकदम तुटते त्याला शब्द शोधा. 'कडेलोट' म्हणा. लाडक्या बहिणीचं घ्या: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांवर गेलं की नियमाने 1500 बंद. माझ्या चुलतबहिणीने शिवणाची जादा ऑर्डर याच धास्तीने परत केली.

गोदाकाठ: कडेलोट दुसरा कोणीतरी करतो, टकमक टोकावरून. तुमची बहीण तर कडा बघून आधीच मागे फिरली.

हिशेबनीस: आयकरात कड्याला कठडा आहे, मार्जिनल रिलीफ. नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर शून्य. करपात्र उत्पन्न 12 लाख 10 हजार झालं तर कोष्टकाने 61,500 होतात, पण घेतात 10,000. उपकर वेगळा. म्हणजे वरचे दहा हजार अख्खे सरकारचे! त्यासाठी रविवारी कोण कामावर जाईल? आणि याचं मराठी म्हणे 'सीमांत सवलत'. आमच्याकडे सीमांत म्हणजे अडीच एकरवाला.

शुद्धमती: त्याला अत्यल्पभूधारक म्हणतात.

गोदाकाठ: मंडळी, टेपर राहिला. लेख उद्या द्यायचाय.

माजघर: उतरंडीचा मूळ अर्थ घ्या ना. आजीच्या घरी खाली रांजण, वर लहान लहान होत जाणारी मडकी, शेवटी पणतीएवढं झाकण. मदत तशीच आटत जाते की.

सोलापुरी: झाकण नाही हो, परळ.

माजघर: आमच्याकडे येळणी म्हणत.