घरचं बियाणं लावलं म्हणून काकांना नोटीस आलीय, हमीपत्रावर सही करावी का?

नमस्कार. आमचं गाव बेळगाव तालुक्यात, उचगावच्या बाजूला. काका तीसेक वर्षं पावसाळी बटाटा लावतात. गेल्या मंगळवारी रजिस्टरनं चार पानी इंग्रजी नोटीस आली, एका कंपनीच्या वकिलाची. तुम्ही लावला तो आमचा नोंदणीकृत वाण, परवानगीशिवाय लावला आणि विकला, तेव्हा भरपाई भरा. नाहीतर ‘पुन्हा लावणार नाही’ असं हमीपत्र पंधरा दिवसांत सही करून पाठवा.

तीन वर्षांपूर्वी काकांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार पोती बियाणं घेतलं. पोत्यावर नाव नव्हतं, वाण कुठला हे कुणी विचारलंही नाही. आमच्या तांबड्या मातीत चांगलं उतरलं, म्हणून दरवर्षी त्यातलाच बारीक माल निवडून शीतगृहात ठेवायचा आणि मिरगाला लावायचा. व्यापाऱ्याला माल खाण्याचा बटाटा म्हणूनच दिला. शेजारच्या दोघांना मात्र बियाण्यासाठी दोन-दोन पोती दिली, पैसेही घेतले. हे लपवत नाही, सल्ला खरा हवाय.

काका फार घाबरलेत. नोटीस पहाणीच्या उताऱ्यांच्या पिशवीत घालून उशाशी ठेवतात. नोटीस इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि काकांना वाचता येतं मराठी. ‘सही करून टाकतो, कोर्टकचेरी नको’ एवढंच म्हणतात.

गावात सगळे ‘पेटंटचं बियाणं’ म्हणतात, पण आपल्याकडे बियाण्यावर पेटंट मिळतच नाही. वाणाची नोंदणी होते ती २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचंही बियाणं राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, दुसऱ्याला देऊ-विकू शकतो. फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. गुजरातेत २०१९ साली पेप्सिकोनं एफसी-५ बटाट्यावरून चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त रकमेचे दावे लावले होते. तिथंही पुन्हा न लावण्याची हमी द्या, मिटवू, असंच सांगितलं होतं. मे महिन्यात दावे मागे घेतले. पुढं त्या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला.

माझी भीती वेगळीच आहे. सही केली तर कायद्यानं दिलेला हक्क आपण आपल्या हातानं सोडला असं होईल ना? आणि त्या दोन शेजाऱ्यांचं काय?

प्रतिसाद:
सही अजिबात करू नका. गप्पही बसू नका, मुदतीच्या आत वकिलामार्फत रजिस्टर पोस्टानं उत्तर द्या. उत्तरात नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा, कारण बटाट्यासारख्या पिकाला संरक्षण १५ वर्षांचंच असतं. कलम ४२ पण वाचा. वाणावर कुणाचा हक्क आहे हे शेतकऱ्याला माहीतच नसेल, तर तो भंग धरला जात नाही. तुमच्या काकांचं प्रकरण नेमकं तेच आहे. शेजाऱ्यांना दिलेल्या पोत्यांवर नाव-छाप नव्हती, हेही उत्तरात स्पष्ट लिहा. शीतगृहाच्या पावत्या आणि व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याची बिलं, जपून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० ला फोन करा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. काकांना सगळं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं, मग हमीपत्र पिशवीतून काढून माझ्याकडे दिलं. पावत्या सापडल्या, पण पहिल्या वर्षाची पट्टी पावसात भिजलीय. तारीख दिसते, वजन पुसलंय. ती जोडली तर चालेल का?