सलग नक्षीतल्या एका तुकड्याचं नेमकं माप कसं काढायचं?

नक्षीकार:
एका जुन्या वेष्टनकागदाचं स्कॅन आहे, 3000 पिक्सेल रुंद. त्यावर तीच फुलं पुन्हापुन्हा येतात. एकच तुकडा कापून जिंपमध्ये (चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर) पॅटर्न, म्हणजे शेजारी-शेजारी मांडत जाणारी नक्षी, करायचा आहे, पण नजरेच्या अंदाजानं कापला की जोड दिसतो. फोटोशॉपही आहे. कोणती पद्धत सुचवाल?

बिंदूरेषा:
डिफरन्स मोड, डोळे झाकून. लेयरची (चित्राच्या थराची) प्रत काढा आणि वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करा. हा मोड दोन थरांतला फरकच दाखवतो, म्हणजे सगळं काळं होईल. आता प्रत फक्त आडवी सरकवत न्या. चित्र उजळेल आणि नक्षी पुन्हा जुळली की काळं पडेल. जितके पिक्सेल सरकवलं, तितकी तुकड्याची रुंदी. मग उंचीसाठी तसंच उभं. शेवटची जुळवाजुळव बाणांच्या कळांनी करा.

स्कॅन कधीच पूर्ण काळं होत नाही, म्हणून फोटोशॉपमध्ये वर लेव्हल्सचा (उजेड-अंधार बदलणारा) थर लावून उरलेला फरक उजळवून बघा. हे टाळू नका. फुलं जुळतात, पण पाकळ्यांचा रंग एकाआड एक बदलत असेल तर खऱ्या मापाच्या अर्ध्यावरच थांबाल.

कापायला सुरुवात कुठून करायची याची काळजी नको. माप बरोबर असेल तर कुठूनही कापलेला तुकडा जुळतो. मी शक्यतो मोकळ्या पार्श्वभूमीतून कापते, स्कॅनमधला थोडाफार फरक तिथे लपतो.

आडवाउभा:
त्याआधी स्कॅन सरळ करा. एक अंश तिरकं असलं तरी 1000 पिक्सेलमध्ये रेघ सुमारे 17 पिक्सेल घसरते.

आणि एकाच तुकड्यावर माप घेऊ नका. समजा 10 तुकडे मिळून 1284 पिक्सेल भरले, तर एक 128.4 चा. पॅटर्नला अपूर्णांक चालत नाही. मग एकतर 5 तुकडे मिळून 642 चा मोठा तुकडा घ्या, नाहीतर आख्खं चित्र 99.69 टक्क्यांवर आणून 128 चा कापा. मला पहिलं जास्त पटतं, आकार बदलून चित्र पुन्हा मऊ, म्हणजे धूसर, होत नाही.

नक्षीकार:
सरळ करून बघितलं. आडवं 420 ला आणि उभं 310 ला छान जुळतं. पण 420 च्या आत फुलांच्या दोन उभ्या रांगा येतात आणि दुसरी रांग थोडी खाली आहे. याहून लहान तुकडा निघेल का?

बिंदूरेषा:
ही हाफ ड्रॉप नक्षी दिसते, म्हणजे दर दुसरी उभी रांग निम्म्या उंचीनं खाली सरकलेली; कापडावर आणि वॉलपेपरवर नेहमी असते. प्रत 210 आडवी आणि 155 खाली, दोन्ही एकदम सरकवा. काळं झालं तर नक्की. जिंपचा पॅटर्न सरळ चौकटीतच मांडला जातो, त्यामुळे तिथे 420 × 310 हाच सगळ्यात लहान तुकडा. इलस्ट्रेटरच्या पॅटर्न ऑप्शन्समध्ये ‘ब्रिक बाय कॉलम’ आहे, तिथे 210 × 310 पुरेल.

सूक्ष्मदर्शी:
विणीसारखी फार बारीक नक्षी असेल तर इमेजजे हे चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. एफएफटी (चित्रात काय किती अंतरानं पुन्हा येतं ते ठिपक्यांनी दाखवणारं गणित) काढून ठळक ठिपक्यावर कर्सर नेला की किती पिक्सेलनी आवर्तन होतं ते आकड्यात दिसतं.

नक्षीकार:
210 आणि 155 ला काळं झालं! 420 × 310 कापतोय. जोड तपासायला काय करता?

आडवाउभा:
जिंपमध्ये लेयर, ट्रान्सफॉर्म, ऑफसेट. रुंदी-उंचीच्या निम्म्यानं सरकवा, कडा मधोमध येतील. तिथे रेघ दिसली तर क्लोननं (शेजारचा भाग उचलून वर रंगवणारं साधन) तेवढीच पुसा.