मॅचला १५ पॉइंटवाला बिल रसेल एवढा ग्रेट का?

होटगीरोड_सेंटर:
काल खेळून झाल्यावर सात रस्त्याला चहा घेताना आमच्यात लई वाद झाला. एक पोरगा म्हणतो बास्केटबॉलमध्ये, अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्स टीमच्या बिल रसेलला मायकल जॉर्डनच्या बरोबरीनं धरायला पाहिजे, बाकीचे त्याच्यावर तुटून पडले की काय बे, करिअरची सरासरी १५.१ पॉइंट, फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट) ५६ टक्के, आणि त्याच काळात दुसरा सेंटर विल्ट चेंबरलेन एका मॅचमध्ये १०० पॉइंट मारतोय. मी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) खेळतो, माझे पॉइंट कमी म्हणून मलाही बोलणी बसतात, म्हणून मनापासून विचारतोय. ११ टायटल माहितीयत, पण टायटल टीमची असतात ना? त्या एकट्यात नेमकं काय होतं?

बाळीवेस_गार्ड:
भाऊ, आधी त्याचा ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, ते बघ. आपल्याकडं ब्लॉक म्हणजे बॉल हाणून थेट लाइनीबाहेर, पब्लिक ओरडतं, शिट्ट्या पडतात, आणि मग रेफ्री बॉल परत समोरच्यांनाच देतो, मग मिळवलं काय? रसेल बॉल हाणायचा नाही, बोटांनी थोपवायचा, बॉल कोर्टातच राहायचा, एकतर स्वतः धरायचा नाहीतर आपल्या गड्याकडं जायचा आणि तोवर त्याच्या टीमचा गार्ड कूझी पुढं निघालेला असायचा. त्यांचे दोन गेले, आपले दोन आले, आणि स्कोअरशीटवर रसेलच्या नावापुढं काहीच नाही, कारण एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ ला आणि हा रिटायर १९६९ ला. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) तेवढे मोजलेत, २१,६२०, म्हणजे मॅचला साडेबावीस.
अजून एक, तो डावखुरा होता. समोरचा उजव्या हातानं शॉट मारतो तेव्हा याचा डावा हात बरोबर त्याच बाजूला. कॉलेजात उंच उडीही मारायचा. पण मला विचारशील तर उडीपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची, प्रत्येक शॉटला उडायचाच नाही तो, पण आता उडेल का मग उडेल या धास्तीनंच समोरच्याचे शॉट बिघडायचे.

नवीपेठ_शूटर:
डिफेन्स मान्य, पण दुसरी बाजूपण बघा राव. तो आला तेव्हा लीगमध्ये टीमच ८ होत्या. आणि बॉस्टनमध्ये कूझी, शर्मन, हाइनसन, सॅम जोन्स, नंतर हॅवलिचेक, वर कोच ऑअरबाख, असले साथीदार असल्यावर कोणीही जिंकेल. चेंबरलेनला असली टीम मिळायला पाहिजे होती.

जुळेसोलापूर_कोच:
@नवीपेठ_शूटर दादा, कोणीही जिंकलं असतं तर आधीच जिंकले असते की. कूझी १९५० पासून, शर्मन १९५१ पासून तिथंच होता, ऑअरबाखही तिथंच, टायटल एकपण नाही. रसेल डिसेंबर १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकचं गोल्ड घेऊन टीमला जॉइन झाला (हाइनसनही त्याच सीझनला आला, ते कबूल) आणि एप्रिल १९५७ ला पहिलं टायटल. सात मॅचच्या त्या फायनलच्या सातव्या मॅचला दोनदा ओव्हरटाइम (बरोबरी झाल्यावर जादा वेळ) झाला, १२५-१२३, नवख्या पोरानं ३२ रिबाउंड काढले. पुढच्या वर्षी फायनलमध्ये त्याचा घोटा दुखावला आणि टीम हरली. १९६३ ला कूझी गेला तरी टायटल येतच राहिली, पण १९६९ ला रसेल गेला आणि पुढच्याच सीझनला टीम ३४ जिंकून ४८ हरली, प्लेऑफमध्येसुद्धा (टायटलसाठीच्या शेवटच्या फेऱ्यांत) नाही. याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. आणि निकालाची सातवी मॅच तो १० वेळा खेळला, दहाही जिंकला.
चेंबरलेनचं म्हणाल तर १९६१-६२ ला त्याची सरासरी ५० च्या वर होती आणि तरी एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) रसेल झाला, तेव्हा ते मत प्लेअर लोकच द्यायचे. ज्यांना रोज याच्यासमोर शॉट मारायचा होता त्यांनी निवडलाय त्याला.
मी शाळेतल्या पोरींना शिकवते, त्यांना मात्र मी वेगळंच सांगते. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला हॉटेलात काळ्या खेळाडूंना खायला देईनात, तेव्हा रसेल आणि त्याचे काळे साथीदार मॅच न खेळता परत गेले. १९६६ ला तोच एनबीएचा पहिला काळा हेड कोच झाला, आणि शेवटची दोन टायटल, १९६८ आणि ६९, स्वतः खेळत खेळत कोच म्हणून जिंकला. ४८ मिनिटं रिबाउंडला उडायचं आणि त्यातच कोणाला बसवायचं कोणाला उठवायचं हेपण ठरवायचं, मला बाहेर उभं राहून जमत नाही ओ ते!

नवीपेठ_शूटर:
ताई, ३४-४८ चं मला माहीत नव्हतं, हा मुद्दा जबरी आहे. टीम कमी होत्या हे माझं म्हणणं कायम, पण साथीदारांमुळं जिंकला असं आता नाही म्हणणार.

होटगीरोड_सेंटर:
लई भारी, सगळं ग्रुपवर टाकतो. ताई, एक सांगा ना, तो ब्लॉक आत ठेवायचा कसा? माझा बॉल प्रत्येक वेळी बाहेरच जातो.

जुळेसोलापूर_कोच:
तू हात वरून खाली आणत असशील, तो नाद सोड. शॉट मारणाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटल्यावरच उडायचं, अंगावर जायचं नाही, सरळ वर, हात ताठ आणि पंजा उघडा, बॉल त्याच्या हातातून सुटला की नुसता आडवायचा. आणि ब्लॉक झाला की बघत उभा राहू नको, बॉलवर पहिली झडप तुझीच पाहिजे. आधी एका जोडीदाराला चालत चालत शॉट मारायला लाव, मग स्पीड वाढव.