मूकपटातली व्हॅम्प डिजिटलवर: ओठ काळे कसे आणायचे?

सदाशिवपेठी
ग्रुपची पाच मिनिटांची मूक शॉर्टफिल्म आहे. १९१५ च्या मूकपटांतली नटी थेडा बारा हिच्या धर्तीची व्हॅम्प, म्हणजे पुरुषांना भुलवून बुडवणारी बाई, हवी. पण फुटेज कृष्णधवल केलं की लाल ओठ आणि गाल एकाच करड्या रंगात जातात. काय चुकतंय?

रंगपेटी
नुसतं सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्य करू नका. तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग जवळजवळ पकडायचीच नाही, म्हणून लाल काळा यायचा. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या चॅनेल मिक्सरमध्ये (कुठला रंग किती घ्यायचा ते तिथे ठरतं) मोनोक्रोम करून लाल ०, हिरवा ६०, निळा ४० टक्के ठेवा. मग भडक लाल लिपस्टिक नको, तोंडाच्या जागी भोक दिसेल. फिकट विटकरी पुरे. गालांना रूज (लाली) अजिबात नाही, खड्डे पडल्यासारखे दिसतात. गव्हाळ त्वचाही काळवंडते, तेव्हा पिवळसर फाउंडेशन एक छटा उजळ घ्या, मुरुमांवर कन्सीलर. काजळ मात्र सढळ हाताने, वरच्या पापणीभर पसरवून.

आणि मेकअप मिक्सर लावलेल्या मॉनिटरवर तपासा, आरशात नव्हे.

लॉकॉलेजरोड
निळ्या चॅनेलमध्ये नॉइज (दाणेदारपणा) जास्त असतो. पिवळ्या बल्बखाली तर विचारूच नका. ५६०० केल्व्हिनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे दिवे, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) कमी.

सदाशिवपेठी
वेग सेकंदाला १६ फ्रेम ठेवू का?

लॉकॉलेजरोड
हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात एका फेऱ्याला ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणून १६. तुम्ही १८ ला शूट करून २० ला दाखवा. २४ ला चालवलंत तर हालचालीचा वेग एक तृतीयांशाने वाढतो, आणि व्हॅम्प लगबगीने चालली की संपलंच. शटर १/५० सेकंद, नाहीतर ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे फडफडतात.