फुलाचे भाग शिकवायला कोणतं फूल घ्यावं?

सातवीची_बाई (परभणी): काल लेकरांना म्हणलं घरून एकेक फूल आणा, तर निम्म्यांनी झेंडूच आणला. उकलून उकलून पाकळ्यांचा ढीग झाला पण पुंकेसर काही सापडंना, एक पोरगं म्हणलं बाई फळ्यावरचं फूल खोटंय. निदलपुंज (बाहेरची हिरवी दलं), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसरांचा नर भाग), जायांग (मादी भाग) तोंडपाठ म्हणायलेत, पण हातातल्या फुलात एकालाही दाखवता येईना. तुम्ही कोणतं घेता?

लातूरचा_मास्तर: झेंडूनं भल्याभल्यांना फसवलंय 😄 ते एक फूल नाहीच, बारक्या फुलांचा गुच्छ आहे, आपण जिला पाकळी म्हणतो ते एकेक फूलच. सूर्यफुलाचंही तसंच. जास्वंद घ्या, साधी ५ पाकळ्यांची, डबल नको. मधली लांब दांडी म्हणजे पुंकेसरांचे देठ जुळून झालेली नळी, ब्लेडनं हळूच उभी चिरली की आत कुक्षीवृंत (जायांगाची दांडी) दिसतो आणि टोकाचे ५ ठिपके म्हणजे कुक्षी. ब्लेड तेवढं स्वतःच्याच हातात ठेवा.

कापूसवाला: मी काय मास्तर नाही, पण जास्वंद कशाला हुडकायलात, आत्ता शाळेच्या चारी बाजूंनी कापूस फुललाय की, तो बी जास्वंदीच्याच कुळातला. फक्त पात्याभोवतीची (कापसाच्या कळीभोवतीची) ती ३ कातरलेली हिरवी पानं म्हणजे निदल नव्हं, निदल त्याच्या आत बारक्या वाटीसारखे असतेत (आमच्या पोराच्या वहीत उलटंच लिहून दिलं होतं). खालचा अंडाशय आडवा कापा, ३ ते ५ कप्पे दिसतेत, तेच पुढं बोंडाचे कप्पे, आतली बीजांडं म्हणजे सरकी अन् सरकीच्या सालीवरचे केस म्हणजे आपला कापूस. गुंडाळल्यासारखं न उमललेलं फूल सापडलं तर ती डोमकळी, उकलून दाखवा, आत गुलाबी बोंडअळी निघंल. फवारलेल्या रानातलं मात्र काहीच तोडू नका.

जालन्याहून: दोडक्याची पण २ फुलं न्या, एक नर एक मादी. मादीच्या फुलाखाली बारका दोडका लागलेलाच असतो, नाहीतर लेकरांना वाटतं प्रत्येक फुलात चारी भाग असतातच. आणि धोतरा मोठा दिसतो म्हणून कुणी आणला तर घेऊ नका, विषारी आहे.

सातवीची_बाई: शेजारच्या रानात परवाच फवारणी झालीय. शाळेच्या परसबागेत भेंडी आहे, ती चालंल का?

कापूसवाला: पळंल की, ती बी त्याच कुळातली. पहिल्याच तासाला घ्या, दुपारनंतर फूल मिटतं.