मदत हवी आहे : छताचा डाग रंगातून परत परत वर येतोय (जरा तातडीचं)

गडबडगुंडा :
मागच्या महिन्यात बेडरूमचं छत स्वतः खरवडलं, लांबी (पुट्टी) भरली, घासलं, रंगाचे दोन हात मारले. पंधरा दिवसांत तोच तपकिरी डाग त्याच जागी, आणि आता कडेने पोपडे सुटतायत. कुठली पुट्टी आणि कुठला रंग वापरू म्हणजे एकदाचं सुटेल? पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत. 'चांगला पेंटर गाठा' सोडून काहीही सांगा.

खरवडणी :
वर काय आहे? गच्ची, बाथरूम, की दुसऱ्याचं घर? गळती बंद केली होती का? मधे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला होता का?

गडबडगुंडा :
गळती नाहीच आहे. थेंबसुद्धा पडत नाही. वर दुसऱ्यांची बेडरूम आहे, बाथरूम पार त्या टोकाला. प्रायमर नाही मारला, एवढ्याशा डागाला कशाला?

पुट्टीबहाद्दर :
सरळ वॉटरप्रूफ रंग मारा आतून. मी मारलाय, चार वर्षं ढुंकून बघितलं नाही.

नळकोंडाळं :
ढुंकून बघा एकदा. आतून वॉटरप्रूफ मारला की पाणी थांबत नाही, त्याची बाहेर यायची वाट तेवढी बंद होते. मग रंगाखाली फुगे धरतात. बंदोबस्त पाणी येतं त्या बाजूने करायचा असतो.

पुट्टीबहाद्दर :
माझ्याकडे फुगे नाहीत. अनुभव सांगितला, घ्यायचा तर घ्या.

सहज_डोकावले :
छताला शुभ्र पांढरा नका देऊ, किंचित साय-रंगाकडे झुकणारा द्या. खोली मोठी वाटते.

गडबडगुंडा :
ताई, छत पडायला आलंय आणि तुम्ही छटा सांगताय!

नळकोंडाळं :
डाग दिवसभर सारखाच असतो की कमी-जास्त होतो? नळाला येणाऱ्या पाण्याचा पाइप गळत असेल तर ओल चोवीस तास. सांडपाण्याचा असेल तर वरच्यांनी पाणी वापरलं की वाढते. गच्ची असती तर पावसानंतर.

गडबडगुंडा :
आता विचारलंत म्हणून, सकाळी उठल्यावर गडद दिसतो आणि संध्याकाळपर्यंत फिकट. मला वाटलं उजेडामुळे. आत्ता स्टुलावर चढून बोट दाबलं तर नखाएवढा खड्डा पडला, आतून ओलसर खडूसारखं पांढरं हाताला आलं.

खरवडणी :
खडूसारखं?? छत पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) आहे का?

गडबडगुंडा :
हो. सगळ्यांचं तेच असतं ना?

खरवडणी :
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! सिमेंटचा गिलावा भिजून वाळला तर बहुतेकदा टिकतो. पीओपी भिजून मऊ पडलं की त्यात जीव राहत नाही, त्यावर कितीही लांबी चढवा. बोट शिरतंय तेवढा भाग कापून काढा, आजूबाजूला ठोकून बघा, पोकळ वाजेल तोही काढा. आणि आत डोकावा. स्लॅबच्या सळ्यांवर गंज दिसला तर जाणकाराला दाखवा, कारण गंज फुगतो आणि काँक्रीटच सुटतं.

नळकोंडाळं :
वरच्यांच्या बेडरूममध्ये एसी आहे का? रात्री चालतो, रात्रीच पाणी. त्याची पाणी जाणारी नळी तुंबली असेल, नाहीतर जोडातून सुटली असेल.

व्याकरणाचा_वेताळ :
अवांतर : सुटतात ते पापुद्रे. पोपडे भिंतीला धरतात.

पुट्टीबहाद्दर :
आमच्याकडे दोन्ही धरतात.

गडबडगुंडा :
वर जाऊन आलो. एसी आहे! आमच्या डागाच्या बरोबर वर. त्याची नळी खाली फरशीकडे आणून भिंतीत घेतलीये आणि शेजारची फरशी हाताला गार-ओली लागते. काकू म्हणाल्या, आम्हाला वाटलं पुसताना राहतं. आज मेकॅनिक बोलावतायत. मग शनिवारी रंगवू का?

खरवडणी :
नाही. मऊ पडलेलं काढा आणि पंखा लावून वाळू द्या. वाळलंय असं वाटलं की प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. छताकडच्या बाजूला बाष्प धरलं तर आत ओल आहे. तो कोरडा निघाल्यावरच पुढचं.

नळकोंडाळं :
आणि प्रायमर सोडू नका. तो तपकिरी डाग पाण्यात विरघळतो, म्हणून पाण्यात कालवायच्या रंगातून परत वर येतो. तुमचे दोन हात त्यातच गेले. डागावर आधी डाग अडवणारा प्रायमर, तेलाधारित किंवा शेलॅकचा (लाखेचा), मग रंग. प्रायमर मारताना खिडक्या उघड्या ठेवा.

सहज_डोकावले :
आमच्याकडे भिंत खालूनच, जमिनीपासून दोन फूट फुगते आणि मिठासारखी पांढरी पूड येते. तीही एसीमुळे का?

खरवडणी :
नाही, ते क्षार. कोरड्या ब्रशने झटका, पाण्याने धुतलेत तर विरघळून परत आत जातात. ओल बहुधा जमिनीतून वर चढतेय. तळमजला आहे का? बाहेर भिंतीला माती टेकलीये का?

गडबडगुंडा :
ताई, वेगळा धागा काढा ना! माझं अजून राहिलंय. लांबी आधी की प्रायमर आधी?