मदत हवी आहे: 'द ऑफिस'चा नाताळचा भाग नवख्यांना दाखवावा का?

अमेरिकी विनोदी मालिका 'द ऑफिस'च्या दुसऱ्या हंगामातील, डिसेंबर २००५ मध्ये प्रसारित झालेला 'ख्रिसमस पार्टी' हा भाग, ही मालिका अजिबात न पाहिलेल्या सहकाऱ्यांना दाखवण्याचा माझा विचार आहे. कर्मचारी फिलिसने हाताने विणलेला स्वयंपाकघरातील हातमोजा मिळताच ऑफिसचा बॉस मायकेल रुसतो, 'सीक्रेट सांता' (चिठ्ठीत नाव आलेल्या सहकाऱ्याला गुपचूप भेट देण्याची प्रथा) मोडून एकमेकांच्या भेटवस्तू हिसकावण्याचा खेळ सुरू करतो आणि २० डॉलरची मर्यादा झुगारून त्यानेच आणलेल्या आयपॉडसाठी झुंबड उडते. एवढी गंमत कोणालाही कळेल. परंतु सहकारी पॅमवर मनातल्या मनात प्रेम करणाऱ्या जिमने तिच्यासाठी निवडलेली चहाची किटली, तिच्यात ठेवलेल्या दोघांच्या आठवणींच्या वस्तू आणि त्याने हळूच काढून घेतलेले पत्र, यांतील हुरहूर पूर्वसंदर्भाशिवाय पोहोचेल का? त्याआधी कोणता एक भाग दाखवावा, हे जाणकारांनी कृपया सुचवावे. शक्यतो पहिल्या हंगामातील नको, तो मला स्वतःलाच फारसा रुचत नाही.